शाया ते व्हर्साय

गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "म्हणजे ते यंत्रमागवालं?" नाही हो, ते नाशिक जिल्ह्यातलं. आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. अकोल्याहून हिंगोलीकडे उतरणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, मेहकर करत संभाजीनगरकडे जाणारा रस्ता एकमेकांना जिथे छेदतात तिथलं. गल्लत नको म्हणून नावाला शेपूट लावतात. कुठे लिहिलेलं दिसतं जहांगीर, कुठे जहागीर. बादशहा आणि जहागीरदार यांच्यातलं अंतर आमच्याकडे एका टिंबाचं. तेव्हा लिहिलेल्यावर फार विसंबू नये, हे आम्हाला बारशापासून कळतं.

तरी मी तीस वर्षं मराठीचा मास्तर म्हणून लिहिलेल्यावरच विसंबून पोट भरलं. ऱ्हस्व, दीर्घ, न, ण, टिंब. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, लाल पेन एकदाचं सुटलं. तर मे महिन्यात घरच्या लग्नाला पुतणी आली. ती पुण्याला फ्रेंच शिकते.

"अवघड असते का गं?" मी विचारलं.

"व्याकरणाचं जमतं, काका. पण लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. शेवटची अक्षरं तर बहुतेक वेळा म्हणायचीच नाहीत."

"मग लिहितात कशाला?"

"वाडवडिलांची आहेत म्हणून."

हे उत्तर मला तेव्हा उडवाउडवीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझी मोटरसायकल दाखवायला तिला घेऊन चौकातल्या गॅरेजात गेलो. पाटीवर 'ग्यारेज' असं ठसठशीत लिहिलेलं. मी सवयीने हळहळलो, तर पुतणी म्हणाली, "असू दे काका, मूळ फ्रेंच उच्चार ग्याराजच्या जवळचाच आहे. इंग्रज लोकांचंच अजून ठरत नाही, गॅराज म्हणायचं की गॅरिज." मिस्त्री कागद बघत पुटपुटला, "चेसिस नंबर पुसट हाय सर." आता पुतणीला राहवेना. "भाऊ, तो शब्द शासी आहे. शेवटचा स म्हणत नाहीत." मिस्त्रीने पाना खाली ठेवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "ताई, शासी लिवलं त आरटीओवाला कागद वापस करते."

या दोन शब्दांनी मला त्या दिवशी कामाला लावलं. एकाच दुकानात, एकाच ग्रीस लागलेल्या तोंडात दोन फ्रेंच शब्द. गॅरेज बरा जमलेला, चेसिस मात्र अक्षरन् अक्षर उच्चारलेला. असं का? घरी येईपर्यंत उत्तर सुचलं, आणि मास्तरकी संपल्यावर सुचलेल्या गोष्टीचा जो आनंद असतो तो झाला. गॅरेज आमच्याकडे कानाने आला. कुठल्यातरी साहेबाच्या ड्रायव्हरने तो ऐकला, दुसऱ्याला सांगितला, तिसऱ्याने पाटीवर चढवला. चेसिस आला डोळ्याने. तो गाडीच्या नोंदणीपुस्तकात छापून आला, आणि छापलेलं सगळं वाचायचं असतं हे आम्हीच तर पोरांना शिकवलेलं. डेपो कानाने आला, म्हणून त्याच्या शेवटी इंग्रजीत एक ट लटकतो याची आमच्या एकाही कंडक्टरला कल्पना नाही. कुपन कानाने आलं. रेस्टॉरंट डोळ्याने आलं, आणि येताना आपला ट खाडकन आपटत आलं. रेनो कंपनीची गाडी 2012 नंतर या रस्त्यावर दिसू लागली. तिला आमच्याकडे सगळे रेनॉल्ट म्हणाले, कारण ती बोलत आली नाही, मागच्या बाजूला नाव लिहून आली.

कानाने शब्द घेण्याची आमच्या मुलखाची ख्याती जुनी आहे. वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता त्या काळी निजामाच्या फौजेत रेमों नावाचा फ्रेंच सेनापती होता. 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांशी लढला तोच. 1798 मध्ये वारला. फ्रेंच लोक त्याला आदराने 'मस्यो रेमों' म्हणत. इंग्रजी अक्षरं डोळ्यांनी वाचली असती तर मस्योचं मोन्सिअर झालं असतं. पण हैदराबादच्या लोकांनी कागद पाहिलाच नाही. मस्योचा त्यांनी मूसा केला, आणि मुसलमानांनी त्याला मूसा रहीम म्हटलं तर हिंदूंनी मूसा राम. हैदराबादेतला मूसारामबाग हा त्याच्याच नावाचा. फ्रेंच साहेबाच्या स्वरांना इतकं आपलेपण पॅरिसने तरी दिलं असेल की नाही कोण जाणे.

इंग्रजांची गोष्ट याहून मजेची. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात, कचेरीत फ्रेंच चाललं. त्या वेळी आलेले शब्द आता तीस वर्षं नांदलेल्या सुनेसारखे झालेत. माहेरची बोली कधी सुटली तिचं तिलाही आठवत नाही. चीफ हा त्यांतला. तोच शब्द पुढे काही शतकांनी पुन्हा आला तो शेफ होऊन. हा अधिकमासातला जावई. कॅफे, बॅले, बुके हे सगळे याच पंगतीतले. आपल्या घरचा उच्चार सोडत नाहीत, आणि सासरची माणसं "असू द्या, पाहुणे आहेत" म्हणून चालवून घेतात. एकाच घराण्यातले तीन भाऊ तर आमच्या गावातही आहेत: हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल. तिघांचं मूळ एकच, पाहुण्याची सोय. मधल्या आणि धाकट्याने स सांभाळला. थोरल्याचा स फ्रान्समध्ये गळाला, म्हणून फ्रेंच लोक त्याच्या ओकारावर एक छोटी टोपी घालतात. गेलेल्या अक्षराची ती खूण. आम्ही टोपी पाहिली नाही, पण चहाची टपरीसुद्धा हॉटेल म्हणून वाढवली.

लग्नाच्या कपड्यांसाठी बाजारात गेलो तेव्हा खरी फ्रेंचची शिकवणी झाली. शेठजींनी गादीवर एकेक ताका उलगडला. "हे जॉर्जेट, हे शिफॉन, हे क्रेप." पुतणी हसायला लागली. जॉर्जेट हे म्हणे पॅरिसच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव. शिफॉनच्या मुळाशी चिंधी. क्रेप म्हणजे चुण्या पडलेलं. अर्थ मी शेठजींना सांगितले नाहीत. भाव कमी झाला असता तर सांगितले असते.

मग माझ्या आईसाठी पातळ पाहायचं होतं. आईला दुसरं काही चालत नाही, वायलच लागते. उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही, धुतली की तासाभरात वाळते. मी लहान असल्यापासून घरात वायल. दोरीवर वायल, दंड घातलेली वायल, शेवटी गोधडीच्या पोटात गेलेली वायल. याहून मराठी शब्द मला सांगता आला नसता. पुतणीने ताक्याच्या काठावरचं इंग्रजी वाचलं आणि मला म्हणाली, "काका, हा पण फ्रेंच. व्वाल. म्हणजे पडदा, तोंडावरून घेतात तो."

ओ आणि आय ही अक्षरं शेजारी आली की फ्रेंच त्यांना 'वा' म्हणतात. का, ते तिने मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. लॅटिनमधला ए आधी 'एय' झाला, मग 'ओय', मग 'वे', मग 'वा'. प्रत्येक पायरीला तोंड पुढे गेलं, लेखणी मात्र 'ओय'पाशी बसून राहिली. राजाला दरबारी लोक 'र्वे' म्हणत आणि पॅरिसच्या रस्त्यावरचे 'र्वा'. 1789 ची क्रांती झाली, र्वे म्हणणाऱ्यांचे दिवस फिरले आणि रस्त्यावरचा उच्चार गादीवर बसला. इंग्रजांनी हाच कापडाचा शब्द दोनदा उचलला. नॉर्मन काळात 'एय' ऐकून नेला त्याचा झाला व्हेल, नवरीच्या तोंडावरचा. पुढे कापड म्हणून पुन्हा नेला तो व्हॉइल. त्याची आमची वायल कुणी केली? गिरणीतल्या कुणा जॉबरने, मुंबईच्या अडत्याने, की वाशीमच्या फेरीवाल्याने? ज्याने केली त्याच्या कानाला माझा नमस्कार. आईला मात्र हे काही सांगण्यात अर्थ नव्हता. तिने पातळ चिमटीत धरलं, उजेडाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "बरं हाय. पहिल्यासारखी वायल राह्यली नाही."

लग्नात बफे होता. आमच्याकडे याचे बफे, बुफे, बुफ्फे असे सगळे उच्चार चालतात आणि तिन्हींना जेवण तेच मिळतं. जुनी माणसं त्याला उभ्याचं जेवण म्हणून नाक मुरडतात. पत्रिकेत 'कृपया बुके आणू नयेत' असं छापलेलं होतं, म्हणून एका शिक्षकमित्राने बुकेऐवजी बुक आणलं आणि येईल त्याला तो विनोद ऐकवला. मुलाचं स्थळ मॅरेज ब्यूरोतून आलं होतं. ब्यूरो हा शब्द मुळात जाड्याभरड्या लोकरी कापडाचा. ते कापड मेजावर अंथरत, म्हणून मेज म्हणजे ब्यूरो, मेज ज्या खोलीत ती खोली ब्यूरो, आणि अखेर सगळं खातंच ब्यूरो. मराठीत सांगायचं तर घोंगडं. पुतणीने हे सांगितल्यावर मला सरकारी कामकाजाविषयीच्या कित्येक शंकांचं समाधान मिळालं. घोंगडं भिजत का पडतं हा आता प्रश्नच उरला नाही. त्यांच्याकडे दुसरं काही नसतंच.

लग्नावरून आठवलं. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशीम. मी हे वर्गात दरवर्षी छाती फुगवून सांगे आणि पोरं दरवर्षी विचारत, "सर, मंग त्याचं वाशीम कसं झालं?" वत्सगुल्मचं प्राकृतात वच्छोम झालं, वच्छोम झिजत झिजत वाशीम. इंग्रजांनी ते बासिम लिहिलं आणि 1905 पर्यंत त्या नावाचा जिल्हाही चालवला. फ्रेंचांनी पाण्याला हेच केलं आहे. लॅटिन आक्वा घासत घासत त्यांच्याकडे नुसता 'ओ' राहिला. पण लिहितात तीन अक्षरं, ई-ए-यू. एके काळी ती तिन्ही बोलली जात. आता तिघांत मिळून एक ओ. आणि तो ओ स्वतः त्या तिघांत नाहीच! आपण वाशीम म्हणतो आणि वाशीम लिहितो. फ्रेंच असतो तर अजून पाटीवर वत्सगुल्म लिहून वाशीम वाचत बसलो असतो, आणि बाहेरगावच्या ड्रायव्हरांनी आम्हाला शिव्या घातल्या असत्या.

हे तीन अक्षरी पाणी आमच्या घरात होतंच. लग्नाच्या धावपळीत आईला ऊन लागलं. मी कपाटातून यूडीकोलनची बाटली काढली आणि कपाळावर पट्ट्या ठेवल्या. घरोघरी हे असंच चालतं आणि घरोघरी त्याला यूडीकोलनच म्हणतात. पुतणीने बाटली हातात घेतली, वाचली आणि पहिल्यांदाच दुरुस्ती न करता परत ठेवली. 'ओ द कोलोन्य', कोलोनचं पाणी. 1709 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन माणसाने ते अत्तर विकायला काढलं, नाव ठेवलं फ्रेंच, आणि ते मालेगावात वऱ्हाडी कपाळावर वाळलं. पहिल्या तीन अक्षरांतलं शेवटचं 'यू' तेवढं आम्ही वाचलं. तीनातलं एक वाचलं, तेही चुकीचं. पण ताप उतरला.

आई उठून बसली ती पुतणीच्या पर्समध्ये कांदा टाकायला. वऱ्हाडात मे महिन्यात बाहेर पडणाऱ्याजवळ कांदा हवाच. "उनीचा घेऊन जाय वं माय." आणि कांदा म्हटल्यावर पुतणीला फ्रान्समधला कांद्याचा दंगा आठवला. फ्रेंच कांद्याच्या लेखनात एक आय अडकून बसला आहे, जो कुणीच बोलत नाही. 1990 मध्ये तिथल्या शुद्धलेखन सुधारणेत तो काढायला मुभा दिली, आणि काही टोप्याही ऐच्छिक केल्या. फारसं कुणी ते पाळलं नाही. 2016 मध्ये ते बदल पाठ्यपुस्तकांत येणार असं कळलं तेव्हा लोक चिडले, टोप्यांच्या बाजूने घोषणा झाल्या. आपल्याकडे कांद्यावरून माणसं रस्त्यावर येतात ती भावासाठी. तिकडे चिडली ती आयसाठी.

मी हसलो, पण पुरतं हसू आलं नाही. आमच्या वडिलांचं आठवलं. 1962 मध्ये साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारने मान्य केले आणि न बोलले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी केलें, गेलें, आणि माणूस एकाच घरात असला तरी घरांत. त्या घरांतच्या टिंबात 'आंत' हा शब्द पुरलेला होता, फ्रेंचांच्या टोपीखाली जसा स. वडिलांनी नियम वाचले, घडी करून ठेवले आणि मरेपर्यंत टिंबं देत राहिले. त्यांची पोस्टकार्डं म्हणजे तिळाच्या वड्या. मी नोकरीला लागल्यावर त्यांच्या एका पत्रावर गंमत म्हणून लाल खुणा करून परत पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं नाही. पुढच्या पत्रात टिंबं मात्र पूर्वीइतकीच होती. वाडवडिलांची आहेत म्हणून, हे उत्तर उडवाउडवीचं नव्हतं तर.

पुतणी जायच्या आदल्या रात्री गच्चीवर अभ्यास करत बसली होती. मोठ्याने म्हणत होती: व्हर्साय, मार्सेय, बास्तीय. मी वहीत डोकावलो. शब्दांच्या पोटात दोन-दोन ल.

"हे ल कुठे गेले?"

"त्यांचा य होतो, काका."

मी खुर्चीवर बसलो. पूर्वी म्हणे हे ल जीभ टाळूला टेकवून म्हणत. पॅरिसच्या रस्त्यांवर जीभ टाळूपर्यंत जायचा कंटाळा करू लागली आणि ल चा य झाला. लित्रे नावाच्या कोशकाराने एकोणिसाव्या शतकात आपल्या मोठ्या कोशातून बजावलं, हा य चूक, ल च म्हणा. कुणी ऐकलं नाही.

लित्रेसाहेबांबद्दल मला जी आपुलकी वाटली ती सांगता येणार नाही. कारण वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो. डोळे नाही, डोये. पोळी नाही, पोयी. जवळ नाही, जवय. आणि शाळा नाही, शाया. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांतल्या शायांवर लाल रेघ मारून शाळा लिहीत आलो. "सर, आमी शायेत आलो होतो," म्हणणाऱ्याला परत दाराबाहेर पाठवून "शाळेत" म्हणायला लावलं. त्याच वर्गात, त्याच फळ्यावर मी इतिहासाच्या तासाला लिहीत होतो: व्हर्सायचा तह, 1919. तो मी कधी व्हर्सालचा केला नाही. पॅरिसच्या माणसाची जीभ घसरली की तो पाठ्यपुस्तकात, आमच्याकडच्या मेडशी गावच्या पोराची घसरली की तो दाराबाहेर. आणि आता आमच्या घरची पोरगी पुण्यात फी भरून ल चा य करायला शिकत होती. तिच्या आजीला ते फुकट येतं.

"तुझ्या परीक्षेत याला मार्क असतात?"

"असतात ना. बोलण्याच्या परीक्षेत."

सकाळी निघताना ती ओट्यावर आजीच्या पाया पडली. नवी वायल नेसून आई खांबाला टेकून बसली होती. पोरीला गंमत सुचली. "ओ रव्वार, आजी!" आईला ऐकू थोडं कमी येतं.

"रविवारी? रविवारी काऊन? इतल्या लवकर कोन सुटी देते तुले?" मग पर्स चाचपून कांदा आहे ना ते पाहिलं. "पोयाले येजो. आठवन ठेवून."

मी मधे बोललो नाही. पुण्यात जी "येते" म्हणते ती आमच्या ओट्यावर म्हणाली, "पोयाले येतो, आजी." दोघींत मिळून ळ कुठेच ऐकू आला नाही.